बसायचं कशावर

माझ्या लग्नाची बोलणी चालू असताना मुलाकडच्या एका काकांनी विचारलं, की मुलगी नोकरी करते म्हणजे नेमकं काय करते. वडील बिचारे अडखळले. 'व्यवसायोपचार' हा शब्द त्यांनी पाठ केला होता, पण ऐनवेळी तो काही आठवेना. शेवटी मीच सांगितलं, की मी लोकांना बसायला शिकवते. काकांना तो उद्धटपणा वाटला आणि ठरत आलेलं लग्न मोडलं. पुढं मिळालं ते स्थळ जास्त बरं होतं, त्यामुळं माझी काही तक्रार नाही. पण मी बोलले ते खरं होतं. सत्तरच्या दशकात सोलापूरच्या एका धर्मादाय दवाखान्यात लागले, तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी मुख्यतः तेच केलं. पाठीचा कणा मोडून ज्यांना कमरेखालचं काही कळेनासं झालं होतं, त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवायचं आणि ते कशावर बसतात याची नसती चौकशी करत राहायचं.

नसती म्हणते, कारण लोकांना ती तशीच वाटे. माणसाचे पाय गेलेत आणि ही बाई उशीचं काय घेऊन बसलीय, असा भाव नातेवाइकांच्या चेहऱ्यावर मी रोज वाचत असे.

तर आधी ते समजावून सांगते. एखाद्या लाकडी बाकावर बसा आणि बुडाखाली तळहात घाला. दोन हाडं हाताला टोचतील. बसलेल्या माणसाचा बहुतेक भार त्या दोन हाडांवर असतो. हाड वर, बाक खाली आणि मधलं मांस दोघांच्या मध्ये चेंगरतं. तिथं रक्त पोचत नाही. तुम्हाआम्हाला थोड्या वेळानं तिथं दुखतं, आपण बूड हलवतो आणि विसरून जातो. कीर्तनाला बसलेली माणसं पाठीमागून बघा, सगळी सभा हलत असते. ज्याला कमरेखाली कळत नाही त्याला दुखत नाही, म्हणून तो हलत नाही. आधी लाल चट्टा येतो, मग फोड, मग जखम. बाहेरून ती रुपयाएवढी दिसते आणि आत हाडापर्यंत गेलेली असते. माणूस बसून बसून मरू शकतो, हे कुणालाही पटवणं अवघड होतं.

हल्ली हवेच्या, जेलच्या, कसल्याकसल्या उशा येतात आणि त्यांची रंगीत पुस्तकंही येतात. तेव्हा आमच्यापुढं होता तो बाजार. पिंजाऱ्याकडची कापसाची गादी पहिले काही दिवस छान, मग तिचे गोळे होत. शेवरीचा कापूस मऊ, पण माणूस त्यातून थेट तळाला जाई. स्कूटरच्या ट्यूबची रिंग फार लोकप्रिय होती. मध्ये भोक आहे, म्हणजे तिथं दाब नाही, असा सरळ हिशेब. पण कडेनं जी वर्तुळाकार चिमटी बसते, तिनं मधल्या मांसाचा रक्तपुरवठाच तुटतो. ती रिंग मी किती घरांतून जप्त केली याची गणती नाही. राहता राहिला रबराचा फोम. खाली कडक थर, वर मऊ थर आणि सगळ्याच्या खाली प्लायवूडची फळी, कारण घडीच्या खुर्चीचं रेक्झिन झोळीसारखं खाली जातं आणि माणूस एका कुशीवर कलतो. फोम मी स्वतः करवतीच्या पात्यानं कापत असे. आपली उशी तळाला टेकते का हे बघायला तिच्याखाली उताणा हात घालून चाचपायचं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे माणसाला तिच्यावर काही वेळ बसवून नंतर कातडी बघायची. लाली लगेच गेली तर ठीक, राहिली तर उशी बदलायची. माझ्या विद्येचा गाभा एवढाच.

गिऱ्हाइकंही एकेक नमुनेदार. दुधनीचे एक आडतदार होते. त्यांचा सगळा जन्म पेढीवरच्या पांढऱ्या गादीवर लोडाला टेकून गेलेला. माझा फोम बघून त्यांनी कानडीत "बेडा, बेडा", नको नको, म्हणून हात झटकला आणि घरून जाडजूड गादी मागवली. तिच्यावर बसल्यावर त्यांचे पाय अधांतरी आणि कोपरं खुर्चीच्या हातांच्या वर. राजासारखे दिसत होते, पण धक्का लागला तर पडले असते. त्यांना नको होता तो फोम नव्हे, फोमचं रूप. मी त्याला पांढरीशुभ्र खोळ शिवून घेतली आणि पाठीला एक छोटासा लोड दिला. मग "आता बरूबर गादी झाली बघा" म्हणाले आणि आयुष्यभर त्याच्यावर बसले.

मोहोळकडच्या एका तरण्या पोराची गोष्ट अशी हसण्यावारी नेता येत नाही. कडब्याच्या गंजीवरून पडून त्याचा मणका मोडला होता. त्याच्यासाठी मी मनापासून उशी केली, सगळं समजावलं आणि घरी पाठवलं. काही महिन्यांनी तो परत आला तेव्हा जखमेचा वास दारापर्यंत येत होता. उशी कुठंय विचारलं, तर त्याची आई म्हणाली, "ट्रंकंत ठिवलीया की. नवी हाय, रोज वापरून इस्काटली आस्ती." घरातली चांगली वस्तू सणासुदीला काढायची, ही त्या माउलीची आयुष्यभराची शिस्त. तो पोरगा वाचला नाही. त्याच्या आईचा मला राग आला नव्हता, पण फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. त्यानंतर मी पेशंटच्या घरी जायला लागले. दवाखान्यात दिलेली उशी घरात गेल्यावर तिचं काय होतं, हे घरात गेल्याशिवाय कळत नाही.

नरसय्याकडं मी गेले ती त्याच सवयीनं.

नरसय्या शहराच्या पूर्वभागातल्या विणकर घरातला, मातृभाषा तेलुगू, वय तिशीच्या आत. चादरीच्या एका कारखान्यात तो नक्षीचं काम करी. सोलापुरी चादरीवर जी फुलं, मोर, वेलबुट्टी दिसते, ती आधी चौकटीच्या कागदावर काढतात. मग त्या कागदाबरहुकूम पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात आणि त्या पट्ट्यांची माळ मागाच्या वर चढवतात. कुठला धागा उचलायचा हे माग त्या भोकांवरून ओळखतो. अशीच एक माळ चढवायला नरसय्या वर गेला आणि पाठीवर पडला. पाय गेले, पण नक्षी काढणारे आणि भोकं पाडणारे हात शाबूत राहिले. त्याचं काम बसून करण्याचं होतं, ही त्या सगळ्या अपघातातली एकुलती एक मेहेरबानी.

मालक माणूस वाईट नव्हता. नरसय्याची जागा त्यानं रिकामी ठेवली होती. पण नक्षीवाचून माग थांबतात, त्यामुळं ती कायमची रिकामी राहणार नव्हती. आमच्याकडं नरसय्यानं सगळं नीट शिकून घेतलं. दोन्ही हातांवर जोर देऊन बूड उचलायचं, रात्री बायकोकडून आरशानं पाठ-बूड तपासून घ्यायचं, सगळं. वेगवेगळ्या थरांवर बसवून, कातडी बघून, पुन्हा कापून मी त्याची उशी ठरवली. तिच्यावर तो दवाखान्यात दिवसभर बसला आणि कुठं लाली राहिली नाही. दिवाळी झाल्यावर तो कामावर गेला. मी मनातून खूश होते.

मार्गशीर्षात तो टांग्यातून परत आला, खुर्ची घरीच ठेवून. डाव्या हाडावर फोड येऊन फुटला होता. जखम अजून वरवरची होती, पण आमच्या डॉक्टरांनी बसणं बंद केलं. पालथं झोपून राहायचं, जखम भरेपर्यंत खुर्ची नाही. मालकाचा निरोप आला, की संक्रांतीची गड्ड्यावरची जत्रा उठेपर्यंत वाट बघतो, मग दुसरा माणूस घ्यावा लागेल. निरोप रीतसर होता, त्यात काही चुकीचं म्हणता येत नव्हतं.

मला पहिला संशय आला तो नरसय्याचाच. नक्षीत डोकं घातलं की माणसाला जेवणाची शुद्ध राहत नाही, मग बूड उचलण्याची कुठून राहणार. मी जरा कडक आवाजातच विचारलं. पालथा पडलेला तो मान वळवून म्हणाला, "एक पट्टी झाली की उचलतो, बाई. पट्टी झाली की उचलतो. कारखान्यात कुनालाबी विचारा की." त्याची बायको पद्मा मागवाल्यांना कांड्यांवर सूत भरून देई, तिनं मान हलवली. तो खोटं बोलत नव्हता. मग त्यानं जे म्हटलं ते माझ्या लक्षात राहिलं आहे. "मला मरायची भीती न्हाई, बाई. बायको कांड्या भरती आनि मी बघत पडतो, त्येची हाय."

तीच उशी, तीच खुर्ची, उचलणंही चालू. मग घरात काय बदललं, हे बघायला मी दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेले.

पुढच्या खोलीत जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून नरसय्याचे वडील मल्लेशममामा हातमागावर बसले होते. गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट सुरू झाला तरी म्हाताऱ्यानं आपला माग काढला नव्हता. त्यांच्या हातचं कापड ओढून धरलं तर टणक लागे, अशी त्यांची ख्याती होती. नरसय्या आतल्या खाटेवर पालथा होता. खाटेच्या डोक्याशी स्टूल ठेवून, त्यावर चौकटीचा कागद पसरून तो मान खाली घालून नक्षी काढत होता. खुर्ची कोपऱ्यात होती.

उशी मी ओळखलीच नाही. तिच्यावर लाल-काळ्या नक्षीची जाड चादरीच्या विणीची खोळ होती, आणि ती इतकी देखणी बसली होती, की कुठं एक सुरकुती नाही. आम्ही दिलेली पातळ सुती खोळ काढून टाकली होती, कारण ती दवाखान्यातली दिसते आणि कारखान्यात चार लोक बघतात. मुलगा पहिल्यांदा कामावर जाणार म्हणून मामांनी स्वतः हे कापड विणलं होतं. त्यांनी आणि पद्मानं दोन्हीकडून ओढून, दाभणानं, दोरा ताणून ते उशीवर शिवलं होतं. गल्लीतले लोक मुद्दाम बघून गेले होते. विणकराला आयुष्यभर एकच गोष्ट शिकवलेली असते, की ताण सुटला की कापड बिघडलं. दुसऱ्या कुठल्या घरात ही चूक इतकी सुबक झाली नसती.

मी त्या खोळीवर तळहात दाबला. खाली माझा फोम होता, दोन थरांचा, पण हात आत जाईना. कापडच सगळा भार तोलून धरत होतं. नरसय्या फोमवर बसतच नव्हता, तो एका ताणलेल्या पडद्यावर बसत होता आणि पडदा म्हणजे जवळजवळ फळीच.

आता हे म्हाताऱ्याला सांगायचं कसं. तुमच्या कापडानं मुलाला जखम केली, हे वाक्य माझ्या तोंडून निघेना. मी माझ्या धंद्यात बरीच कठोर झाले होते, पण इतकी नाही. मी म्हटलं, "मामा, जरा या खुर्चीत बसून बघता का?"

पद्मा चपापली. त्या खुर्चीत घरातलं कुणी बसत नसे, ते अशुभ मानत. मामांनी माझ्याकडं पाहिलं, मागातून पाय काढले आणि येऊन बसले. दोन्ही हात बुडाखाली घालून बसा, असं मी सांगितलं आणि पद्माशी तिच्या कांड्यांबद्दल बोलत राहिले. थोड्या वेळानं मामांनी एक हात काढला आणि बोटं चोळली. मग बूड हलवलं. मग पुन्हा हलवलं.

"टोचतंय," ते म्हणाले.

मी म्हटलं, "तुम्हाला टोचतं म्हणून तुम्ही हलता. नरसय्याला टोचत नाही."

मामा उतरले आणि कोनाड्यातलं पातं घेऊन त्यांनी खोळीची एक बाजू स्वतःच उसवली. कापड सैल झालं. पुन्हा बुडाखाली हात घालून बसले. या वेळी हात फोममध्ये बुडाले आणि मामा बराच वेळ तसेच बसून राहिले. आत नरसय्याची पेन्सिल थांबली होती. त्याला सगळं ऐकू येत होतं. शेवटी मामांनी तेलुगूत त्याला काहीतरी विचारलं आणि तो "न्हाई, नायना, न्हाई" असं, बापाला मारलेली हाक सोडली तर मराठीतच म्हणाला. मी तिथं होते म्हणून असेल. काय विचारलं ते मी विचारलं नाही.

मी म्हटलं, आमची दवाखान्यातली खोळ परत चढवा, संपला प्रश्न. मामा ऐकेनात. पोरगा कारखान्यात जाणार तो घरच्या कापडावर बसून जाणार, यावर ते अडून राहिले. मला चीड आली. माणसाची नोकरी जायची वेळ आली आहे, जखम उघडी आहे आणि यांना घराण्याचं कापड सुचतंय. मी जरा तोडूनच सांगितलं, की मग मला हवं तसं विणावं लागेल. मऊ, विरळ, ताण सोडलेलं, आणि खोळ उशीपेक्षा ढगळ, दाबलं की कापड फोमबरोबर खाली गेलं पाहिजे.

"तसलं मी कदी विनलं न्हाई, अम्मा," मामा म्हणाले. "पोराच्या वयात तसलं विनलं तर बाप हातावर मारायचा."

मी निघून आले. त्यांना ते जमणार नाही असंच मला वाटलं होतं आणि मी दवाखान्यातली एक खोळ पद्माच्या हाती गुपचूप देऊन ठेवली होती.

पुढं सगळा पालथ्या पडण्याचा काळ. नरसय्यानं तो कसा काढला याचं मला कौतुक आहे. पोट, छाती, हनुवटी सगळं आखडून जाई, पण त्या अवस्थेत त्यानं एका चादरीची पूर्ण नक्षी काढली. पद्मानं ती कारखान्यात नेऊन दिली. मालकानं बघून ठेवून घेतली, पण मुदत वाढवली नाही. कागद घरी काढता येतो, भोकं पाडायचं यंत्र घरी पाठवता येत नाही, एवढंच म्हणाला. आमचे डॉक्टर जखम बघत आणि 'अजून थांबा' म्हणत. गड्ड्यावर पाळणे उभे राहिले, जत्रा भरली, गल्लीतली सगळी माणसं जाऊन आली. नरसय्या खाटेवरून त्यांची वर्णनं ऐकत राहिला. दुकानं आवरायला लागली तेव्हा कुठं कातडी पुरती बंद झाली आणि बसायची परवानगी मिळाली. आधी थोडा वेळ, मग वाढवत; जत्रा पुरती उठली तेव्हा तो अर्धा दिवस बसू शकत होता आणि मालकाला तेवढं चाललं.

जखम परत झाली नाही, तो कितीतरी वर्षं त्या जागेवर टिकला, हे आधीच सांगून टाकते. फोम दबला की तो निरोप पाठवी आणि मी नवा कापून देई. मला सांगायचं आहे ते तो पुन्हा कामावर निघाला त्या सकाळचं.

दुपारी कारखान्यात जाऊन कातडी बघायची होती, त्याआधी घरून निघताना सगळं नीट आहे ना बघावं म्हणून मी सकाळीच गेले. खुर्ची दाराबाहेर गल्लीत काढून ठेवली होती. नरसय्या आत खाटेवर अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून तयार होता. खुर्चीतल्या उशीवर नवी खोळ होती. पांढरी, साधी, नक्षी नाही. मी दाबून पाहिली. कापड हाताबरोबर खाली गेलं. अगदी हवं तसं होतं.

पद्मानं मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात सांगितलं, की मामांनी दार लावून विणलंय. गल्लीत कुणाला कळू द्यायचं नाही, विचारलं तर बाजारातून आणलं म्हणून सांगायचं, असं त्यांनी घरात बजावलंय. "तुमीबी बोलू नका, बाई." मी बरं म्हटलं.

नरसय्याला निरोप द्यायला आजूबाजूचे चारसहा लोक जमले होते. त्यांत शेजारचे बालय्या होते, मामांच्या वयाचे आणि मामांइतकेच नावाजलेले विणकर. खुर्ची बघता बघता सवयीनं त्यांचा हात खोळीवर गेला. कापडाची कड त्यांनी चिमटीत धरली, चोळली, उजेडाकडं करून पाहिली. विणकर दुसऱ्याच्या घरचं कापड हात न लावता बघूच शकत नाही.

"ह्ये कुनी विनलं?" ते म्हणाले. "हातात जोर न्हाई का त्येच्या? ताणच न्हाई की."

आतून नरसय्या म्हणाला, "बाजारातलं हाय, बालय्यामामा."

मल्लेशममामा दारात उभे होते. बाजारातलं म्हटल्यावर बालय्यांनी हसून मान हलवली आणि आणखी काहीतरी बोलणार होते. मामा उंबऱ्यावरून खाली उतरले.

"मी विनलंय," ते म्हणाले. "ताण सोडून विनलंय. त्येला टोचू नये म्हनून."

 बालय्यांनी चिमटी सोडली आणि बोटांनी पडलेली चुणी तळहातानं दोनदा सपाट केली. मामा आत गेले, नरसय्याच्या काखांत हात घातले, पद्मानं पाय धरले आणि दोघांनी त्याला आणून त्या कापडावर बसवलं.